सर स्टॅन्ले हूकर

शिवाजी उद्यमनगरातून जाताना एंजिनचे भाग ओतण्याचे व कातण्याचे काम ज्याने पाहिले नाही, असा कोल्हापूरचा विद्यार्थी विरळाच. एखाद्या गाडीचे जुने एंजिन उतरवून त्या जागी अधिक जोरकस एंजिन चढविणे किती खटाटोपाचे असते, हे तेथील कोणाही जाणत्या मिस्त्रीस विचारावे. नवे एंजिन हटकून लांब निघते. त्याचा तापही अधिक असतो. आणि ज्या बॉनेटखाली तसूभर जागा उरलेली नाही, तेथे थंडाव्याची आणखी एक पेटी बसवावी कोठे, हा खरा पेच असतो. हाच पेच १९४१ साली इंग्लंडातील एका लढाऊ विमानाच्या बाबतीत उभा राहिला होता, व तो सुटतो की नाही यावर कित्येक तरुण वैमानिकांचे प्राण अवलंबून होते. तो सोडविणाऱ्या मंडळींत ज्यांची बुद्धी अग्रभागी होती, ते गृहस्थ मिस्त्री नव्हते आणि शिक्षणाने एंजिनियरही नव्हते. ते गणिताचे पदवीधर होते.

स्टॅन्ले जॉर्ज हूकर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०७ रोजी केंट परगण्यातील शीअरनेस नावाच्या बंदराच्या गावी झाला. गणितात त्यांची गती विलक्षण होती. शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले, आणि पुढे ऑक्सफर्ड येथील ब्रेझनोज कॉलेजातून १९३५ साली त्यांनी डॉक्टरची पदवी संपादन केली. पाणी, हवा इत्यादी प्रवाही पदार्थ कसे वाहतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. काही काळ सरकारी आरमारखात्यात संशोधनाची नोकरी केल्यावर, १९३८ च्या जानेवारीत ते डर्बी येथील रोल्स-रॉइस कंपनीत दाखल झाले.

कंपनीचे मुख्य कारभारी हाइव्ह्‌ज हे स्वतः कारखान्याच्या तळापासून वर चढलेले गृहस्थ. या नव्या पंडितास पाहून, तुम्ही काही फारसे एंजिनियर दिसत नाही, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारला. हूकरांनी तो मनास लावून घेतला नाही. उलट सेहेचाळीस वर्षांनी आत्मचरित्र प्रसिद्ध करताना तोच शेरा त्यांनी पुस्तकाचे नाव म्हणून योजिला! नेमून दिलेले काम काहीच नसल्यामुळे आरंभीचे दिवस त्यांनी रिकाम्या टेबलापाशी काढले. शेवटी कंटाळून ते इमारतीत इकडेतिकडे हिंडू लागले, आणि हिंडता हिंडता सुपरचार्जर तपासण्याच्या विभागात जाऊन पोहोचले. तेथील कागदांवरचे आकडे पाहताच त्यांच्या ध्यानात आले की, हा तर आपलाच विषय आहे.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. एंजिनच्या सिलिंडरात पेट्रोल जळते ते हवेच्या साहाय्याने. हवा जितकी अधिक, तितके पेट्रोल अधिक जाळता येते व तितका जोर अधिक. परंतु विमान जसजसे वर चढते तसतशी हवा विरळ होते. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहूनही कमी उंच आहे आणि महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट. तेवढ्या फरकानेही हवेचा दाब उतरतो. मग ३०,००० फुटांवर, म्हणजे गौरीशंकराहूनही उंच गेल्यावर, तो जमिनीवरील दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतो यात नवल ते काय! तेथे एंजिन धापा टाकू लागते. यासाठी एंजिनच्याच जोरावर अतिवेगाने फिरणारे एक पंख्याचे चाक बसवितात व ते हवा दाबून सिलिंडरात कोंबते. हाच सुपरचार्जर.

या चाकाच्या पाती व हवा आत घेणारा मार्ग हूकरांनी गणिताने तपासला, व त्यांतील दोष दाखवून दिले. विभागाचे प्रमुख एलर हे जुने अनुभवी गृहस्थ. दुसरा एखादा असता तर नवशिक्याचे हे टिपण त्याने बाजूस ठेविले असते. एलर यांनी ते वाचून सुपरचार्जर सुधारण्याचे कामच हूकरांच्या हाती दिले. माझ्या मते या चरित्रात एलर यांचा हा मोठेपणा थोडका नव्हे. सुधारलेल्या सुपरचार्जराचे मर्लिन ४५ हे एंजिन १९४१ साली स्पिटफायर विमानाच्या पाचव्या नमुन्यात बसविण्यात आले.

पण त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात जर्मनांचे फोके-वुल्फ १९० हे नवे विमान फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिसू लागले. ते वेगात व चढाईत स्पिटफायरच्या पाचव्या नमुन्यास सहज मागे टाकी. पुढील कित्येक महिने इंग्रज वैमानिक पडत राहिले. त्यांतील पुष्कळसे विशी-बाविशीतले तरुण होते. संपूर्ण नवे विमान आखून तयार करण्यास वर्षे लागतात, आणि तितका अवकाश नव्हता.

सुदैवाने हूकर व त्यांचे सहकारी एका निराळ्या कामासाठी नवे एंजिन तयार करीत होते. फार उंचावरून जाणाऱ्या वेलिंग्टन बाँबफेकी विमानास ते हवे होते. त्यात सुपरचार्जराची एक नव्हे, तर दोन चाके एकाच दांड्यावर, एकामागे एक बसविली होती: पहिले हवा दाबी, दुसरे ती दाबलेली हवा पुन्हा दाबी. यातील पहिल्या टप्प्याचे चाक व्हल्चर नावाच्या एका अपयशी एंजिनच्या सुपरचार्जरात फेरफार करून घेतलेले होते. हेच एंजिन स्पिटफायरमध्ये बसविले तर काय होईल, अशी विचारणा हाइव्ह्‌ज यांनी केली, आणि तेथून खरी कसोटी सुरू झाली.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड किती तापते, हे विद्यार्थ्यांनी अनुभविले असेलच. दाबलेली हवा तापते, हा सृष्टीचा नियम आहे. दोनदा दाबलेली पेट्रोलमिश्रित हवा तर उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापे. अशा तप्त मिश्रणाचे दोन तोटे असतात. एक, तापलेली हवा फुगते, म्हणजे कष्टाने दाबून मिळविलेला लाभ काही अंशी वाया जातो. दुसरा तोटा अधिक घातक: ते मिश्रण सिलिंडरात सावकाश न जळता एकदम स्फोट पावते, व त्या हादऱ्यांनी दट्टे फुटतात. तेव्हा हवा दाबल्यावर सिलिंडरात शिरण्यापूर्वी तिला निवविणे भाग होते. निवविणाऱ्या या साधनास इंटरकूलर म्हणतात.

तो बसवावयाचा कोठे? वाऱ्यावर निवणारी मोठी पेटी विमानाच्या निमुळत्या नाकात मावणे अशक्य. म्हणून पाण्याने निवविण्याची युक्ती योजिली. सुपरचार्जर व सिलिंडरांची मागील बाजू यांच्या मधल्या जागेत एक आटोपशीर पेटी बसविली. तीत बारीक नळ्यांतून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळविले. सुपरचार्जराच्या कवचातही त्याच मिश्रणाच्या वाटा ओतकामातच ठेविल्या. एंजिनच्या मूळ थंडाव्याशी या पाण्याचा संबंध ठेविला नाही, कारण ते पाणी स्वतःच तापलेले असते. यास स्वतंत्र पंप, स्वतंत्र टाकी व पंखाखाली स्वतंत्र रेडिएटर दिला.

आता बाकीचे सारे बदलणे आले. एंजिन लांब झाल्याने विमानाचे नाक वाढले. तीस फुटांस किंचित कमी असलेले विमान एकतीस फुटांचे झाले. तीन पात्यांचा पुढचा पंखा एवढा जोर पेलू शकेना, म्हणून चार पात्यांचा आला. पूर्वी एका पंखाखाली मोठी व दुसऱ्याखाली लहान पेटी असे. आता दोन्हीकडे सारख्या मोठ्या पेट्या आल्या. पाचव्या नमुन्याच्या सांगाड्यांत ही एंजिने बसविण्याचे काम हकनॉल येथील कंपनीच्या विमानतळावर झाले. त्या जोडारी व मिस्त्री मंडळींची नावे सामान्य वाचकास ठाऊक नाहीत. तथापि त्यांच्या हातांवाचून हूकरांचे गणित कागदावरच राहिले असते.

नवव्या नमुन्याचे हे स्पिटफायर १९४२ च्या जुलैत लढाईत उतरले. ३०,००० फुटांवर त्याचे मर्लिन ६१ एंजिन जुन्या एंजिनपेक्षा तीनशेहून अधिक अश्वशक्ती जास्त देई, आणि विमान ताशी सुमारे ७० मैलांनी अधिक वेगवान झाले होते. गंमत अशी की, बाहेरून दोन्ही नमुने दुरून जवळजवळ सारखे दिसत. समोरच्या स्पिटफायरला नवे एंजिन आहे की जुने, हे जर्मन वैमानिकास ओळखता येईना. तात्पुरती सोय म्हणून निघालेल्या या नमुन्याची पाच हजारांहून अधिक विमाने झाली. ती उडविणाऱ्या तुकड्यांत १२२ क्रमांकाची तुकडी ‘मुंबई’ हे नाव धारण करीत असे. याच घराण्यातील एंजिनांचे आठव्या नमुन्याचे स्पिटफायर घेऊन आपल्या हवाई दलाचे वैमानिक ब्रह्मदेशच्या मोहिमेत लढले.

युद्धाच्या उत्तरार्धात हूकर जेट एंजिनांकडे वळले. १९४९ साली ते रोल्स-रॉइस सोडून ब्रिस्टल कंपनीत गेले. तेथील त्यांच्या ऑर्फियस एंजिनचा आपल्या देशाशी निकट संबंध आहे. ते बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात तयार होऊ लागले. नॅट हे चिमुकले लढाऊ विमान व आपल्याच देशात बांधलेले मारुत विमान, या दोहोंस तेच एंजिन होते. १९६५ च्या युद्धात नॅट विमानांनी गाजविलेला पराक्रम वडील मंडळींच्या स्मरणात असेल.

१९७१ साली रोल्स-रॉइस कंपनीचे दिवाळे निघाले, तेव्हा निवृत्त झालेल्या हूकरांस परत बोलाविण्यात आले. एका मोठ्या जेट एंजिनच्या अडचणी दूर करण्यासाठी त्यांनी आपल्यासारख्याच निवृत्त जुन्या सहकाऱ्यांस गोळा केले, व ते एंजिन पुढील वर्षी उड्डाणास मान्य झाले. १९७४ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली.

त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेले पेगॅसस एंजिन विमानास धावपट्टीवाचून सरळ वर उचलू शके. ते एंजिन असलेली सी हॅरिअर विमाने आपल्या नौदलाने घेतली, व त्यांतील पहिली तीन डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यास दाबोळी येथे उतरली. पुढे २०१६ पर्यंत ती नौदलात होती. गोव्यातील त्या आगमनानंतर पाचच महिन्यांनी, २४ मे १९८४ रोजी, सर स्टॅन्ले हूकर यांचे निधन झाले.