सेनापती पांडुरंग महादेव बापट

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणारा प्रवासी वाटेत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय पाहतो आणि त्या दृश्याने सुखावतो. या पाण्याखाली भाताची खाचरे, घरे व देवळे गेली आहेत, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. ही भूमी वाचावी म्हणून इ. स. १९२१ ते १९२४ या काळात तेथील मावळ्यांनी जो लढा दिला, त्यानेच पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी मिळवून दिली. पुढे वार्धक्यात हेच बापट आमच्या गोमंतकाच्या मुक्तीसाठी सरहद्द ओलांडून आले. म्हणून त्यांचे चरित्र आम्हां गोमंतकीयांना दुहेरी नात्याने जवळचे वाटते.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती, पण बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षण आटोपल्यावर शिष्यवृत्ती मिळून ते १९०४ साली यंत्रविद्या शिकण्यासाठी एडिंबरोस गेले. तेथे त्यांनी इंग्रजी राज्यातील हिंदुस्थानच्या दुःस्थितीवर उघड भाषण केले आणि ती शिष्यवृत्ती गमावली! श्यामजी कृष्णवर्मा व सावरकर यांच्या सहवासात ते क्रांतिकार्याकडे वळले, आणि पॅरिसला जाऊन तेथील रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बाँब तयार करण्याची विद्या मिळविली. १९०८ साली ते स्वदेशी परतले. त्यानंतरची काही वर्षे अज्ञातवासात गेली. १९१२ साली इंदूरला त्यांना अटक झाली. पुढे पुरावा न सापडल्याने सुटका झाली.

सुटून आल्यावर त्यांनी पारनेरात एक विलक्षण व्रत आरंभिले. रोज पहाटे उठावे, हाती झाडू घ्यावा आणि गावचे रस्ते व शौचकूप स्वच्छ करावे. विलायतेहून विद्या घेऊन आलेला ब्राह्मण हे काम करतो, याचा गावाला प्रथम अचंबा वाटला व नंतर रागही आला. आमच्या मते बापटांच्या थोरवीची खरी ओळख बाँबविद्येत नव्हे, या झाडूत आहे. ज्याला दुसऱ्याची घाण काढताना कमीपणा वाटला नाही, तोच पुढे मावळातल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या कुळांच्या पंक्तीला बसू शकला.

आता मुळशीचे प्रकरण. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावे, अडविलेले पाणी सह्याद्रीतून बोगद्याने खाली कोकणात भिरा येथे सोडावे, आणि त्या धबधब्यावर यंत्रे फिरवावीत अशी टाटा कंपनीची योजना होती. योजना कल्पक होती यात शंका नाही. पण या पाण्यात पन्नासाहून अधिक गावे बुडणार होती, आणि तीही आंबेमोहोर तांदूळ पिकविणारी. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या शेतकऱ्यांना कोणी विचारलेदेखील नव्हते. त्यांच्या शेतांत सूचना न देता चर खणण्यास सुरुवात झाली. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले. ठिणगी येथे पडली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांत स्त्रियाही होत्या. मजुरांनी हत्यारे खाली ठेवली आणि कंपनीला काही महिन्यांसाठी काम थांबवावे लागले. परंतु सरकारने भूसंपादनाच्या कायद्याचा आधार घेऊन जमिनी घेतल्या व काम पुन्हा सुरू झाले. विनायकराव भुस्कुटे व बापट यांनी गावोगाव हिंडून लोकांना धीर दिला. शिवरामपंत परांजपे यांच्यासारख्या वृद्ध संपादकानेही या लढ्यासाठी तुरुंगवास पत्करला. बापट तर एकदा सुटले की पुन्हा मुळशीस जात आणि पुन्हा पकडले जात.

या लढ्यात एक मोठी फट होती व ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुष्कळ जमिनींची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती. मावळे त्या जमिनी कसणारी कुळे. सावकारांना चांगली भरपाई हवी होती, मावळ्यांना जमीन हवी होती. भरपाईचा आकडा पुढे येताच सावकारांचा उत्साह मावळला. शहरातील पुढाऱ्यांतही मतभेद माजले. लढा थंडावत चालला, तेव्हा १९२४ च्या अखेरीस बापटांनी काही साथीदारांसह शस्त्रे हाती घेऊन कामावरची आगगाडी अडविली. त्या झटापटीत माणसे जखमी झाली. सत्याग्रहात शस्त्राला स्थान नाही, म्हणून हे कृत्य आम्हांस पटत नाही. मात्र बापट पळाले नाहीत, हे सांगितले पाहिजे. त्यांनी सात वर्षांची शिक्षा शांतपणे भोगली. ते तुरुंगात असतानाच धरण पुरे झाले.

१९३१ साली ते बाहेर आले आणि थोड्याच दिवसांत राजद्रोही भाषणाबद्दल पुन्हा आत गेले. पुढे त्यांनी सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकची महाराष्ट्रातील धुरा वाहिली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज उभारण्याचा मान त्यांना मिळाला.

गोवा मात्र अद्याप पोर्तुगिजांच्या हाती होता. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे यांच्यासह सत्याग्रहींची तुकडी घेऊन बापट गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पोर्तुगीज सत्तेने गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. वृद्ध बापटांनाही मारहाण सोसावी लागली.

याच सुमारास आमच्या डिचोलीच्या डोंगरांतून लोहखनिजाची निर्यात वाढत होती व पोर्तुगीज सरकारने दिलेल्या खाणींच्या सनदा गावांच्या डोक्यावर बसल्या होत्या. १९६१ साली गोवा मुक्त झाला. सनदा मात्र टिकल्या आणि १९८७ च्या कायद्याने त्यांचे पट्ट्यांत रूपांतर झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या व २०१८ साली अठ्ठ्याऐंशी पट्टे रद्द केले. त्यानंतर नव्याने लिलाव झाले, तेव्हा मुळगावच्या ग्रामस्थांनी आपली घरे, देवळे, तळी व शेते पट्ट्यातून वगळावीत अशी मागणी लावून धरली. पलीकडे दोडामार्ग तालुक्यात कळणे गावच्या लोकांनी खाणीला विरोध केला होता. २०२१ च्या जुलैत त्या खाणीतील बांध फुटून चिखलाचे पाणी गावात शिरले. कळणेची नदी खाली पेडण्याकडे वाहते, त्यामुळे डोंगरावर उठलेल्या गाळाची चिंता चांदेलच्या पाण्यावर विसंबलेल्या पेडणेकरांनाही करावी लागते. मुळशीत पाणी चढत होते, येथे झरे आटतात व शेतांत गाळ साचतो. पण विचारल्यावाचून जमीन कोणी घ्यावी का, हा मावळ्यांचा प्रश्न तसाच आहे.

बापटांचा अखेरचा मोठा लढा सीमाप्रश्नासाठी होता. १९६६ साली पंच्याऐंशी वर्षांच्या या वृद्धाने उपोषण आरंभिले आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने महाजन आयोग नेमला. आयोगाचा निर्णय महाराष्ट्राला मान्य झाला नाही. बापटांचे देहावसान २८ नोव्हेंबर १९६७ रोजी झाले. पुण्यातील एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. मुळशीच्या धरणाची वीज आजही मुंबईला जाते.