तीस दिरहमांचा हज
इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांचे प्रवास

वाचकहो, इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांचे नाव निघाले की आपल्याला त्यांचा हदीससंग्रह मुसनद आठवतो आणि खलिफाच्या दरबारात त्यांच्या पाठीवर ओढलेले कोरडे आठवतात. जुम्याच्या बयानात या दोन्ही गोष्टी आपण अनेकदा ऐकल्या असतील. त्यांच्या आधीचे या महापुरुषाचे कितीतरी आयुष्य परक्या मुलखांतल्या वाटांवर गेले, आणि त्या वाटांवर त्यांच्या थैलीत पुरेसे पैसे जवळजवळ कधीच नव्हते. ज्या घरात एखाद्या मुलाला दूरदेशी शिकायला जायचे आहे, किंवा आईवडिलांच्या मनात हजची ओढ आहे आणि हाताशी पैसा मात्र बेताचाच आहे, त्या घरात हे चरित्र मोठ्याने वाचले जावे अशी माझी इच्छा आहे.

इमामांचा जन्म हिजरी १६४ (इ.स. ७८०) मध्ये बगदाद येथे झाला. कुटुंब मूळचे अरब, शैबान कबिल्याचे. पण खुरासानातील मर्व शहरातून ते बगदादला आले होते. वडील मुहम्मद ऐन तारुण्यात निवर्तले, तेव्हा अहमद अगदी तान्हे होते. हंबल हे खरे तर त्यांच्या आजोबांचे नाव. मुलाला वाढवले ते आई सफिया यांनी. वडिलांमागे राहिलेल्या थोड्याशा जागेचे तुटपुंजे भाडे येई, त्यावर घर चाले. आईने लहानपणी त्यांचे कान टोचून त्यात दोन मोती घातले होते. मुलगा मोठा झाल्यावर ते काढून तिने जपून ठेवले आणि पुढे त्याच्या हाती दिले. त्याने ते विकले, तेव्हा सुमारे ३० दिरहम मिळाले.

हा आकडा लक्षात ठेवा. आपल्यापैकी जे जकातीचा हिशेब करतात त्यांना ठाऊक आहे की चांदीचा निसाब २०० दिरहम, म्हणजे साडेबावन्न तोळे. त्या मापाने ३० दिरहम म्हणजे आठ तोळ्यांहूनही किंचित कमी चांदी. ज्याच्याजवळ वर्षभर एवढेच असेल त्याच्यावर जकात तर नाहीच, उलट तो जकात घेण्यास पात्र ठरू शकतो.

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, हिजरी १७९ मध्ये, ते हदीसच्या अभ्यासाला लागले. बगदादमध्ये हुशैम बिन बशीर (रह.) यांच्याजवळ ते त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे हिजरी १८३ पर्यंत राहिले. मग बाहेरचे मुलूख खुणावू लागले. त्या काळी हदीस शोधणारा तालिबे-इल्म एका शहरात बसून राहत नसे. प्रेषित (स.) यांचे वचन ज्याने आपल्या उस्तादाकडून स्वतः ऐकले, त्याच्या तोंडून ते ऐकावे, म्हणजे मधली एखादी कडी कमी होते आणि चुकीचा संभव घटतो, या एका कारणासाठी माणसे महिनोन्महिने चालत.

पहिली मजल कूफ्याची. अंतर फार नाही, बगदादपासून काही दिवसांचेच. पण हा पोरवयाचा विद्यार्थी तेथे एका खोलीत वीट उशाला घेऊन झोपत असे. त्यातच ताप भरला आणि तो आईकडे परत आला. पुढे इमाम स्वतः ही हकीकत सांगत, तेव्हा हेही सांगत की जाताना आईची परवानगी घेतली नव्हती. एवढ्या मोठ्या इमामाने हा तपशील झाकून ठेवला नाही, याची आपल्या घरातील तरुणांनी नोंद घ्यावी.

त्यानंतर रैचे प्रकरण आहे, आणि ते मला फार हृद्य वाटते. आजच्या तेहरानजवळच्या या शहरात जरीर बिन अब्दुल हमीद (रह.) हे मोठे मुहद्दिस होते. बरोबरीचे काही विद्यार्थी तिकडे गेले. अहमद यांना जाता आले नाही, कारण प्रवासाला लागणारे ५० दिरहम त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी कर्ज काढले नाही, कोणाकडे शब्दही टाकला नाही. पुढे हिजरी १८६ मध्ये जरीर स्वतःच बगदादला आले. मात्र त्या वर्षी तिग्रिस नदीला मोठा पूर होता आणि ते पैलतीरावर उतरले होते. बरोबरचे विद्यार्थी नदी ओलांडून गेले. अहमद गेले नाहीत, कारण आई जाऊ देईना. ज्या उस्तादासाठी रैपर्यंत जायची तयारी होती, तो एका नदीच्या अंतरावर आला, आणि तरीही मुलाने आईचा शब्द मोडला नाही. कूफ्याचा ताप येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

बसऱ्याचे प्रवास झाले, वासितचे झाले. हिजरी १८७ (इ.स. ८०३) मध्ये ते प्रथम हजला गेले. आयुष्यात त्यांनी पाच हज केले, त्यांपैकी तीन पायी. त्यांतल्या एका हजचा सारा खर्च ३० दिरहम झाला, असे ते स्वतः सांगत. बगदादहून कूफा आणि कूफ्याहून वाळवंटातून मक्का ही वाट पंधराशे किलोमीटरच्या आसपास भरते. खलिफा हारून रशीद यांच्या राणी जुबैदा यांनी याच मार्गावर विहिरी आणि पाण्याचे हौद बांधवले होते, म्हणून गरिबाला निदान पाणी विकत घ्यावे लागत नसे. पीठ, खजूर, पायातले जोडे, एवढ्यावर जाऊन येणे भागले असेल. अशाच एका पायी हजमध्ये ते वाट चुकले. अवतीभोवती कोणी नाही. तेव्हा ते अल्लाहच्या बंद्यांना साद घालत, वाट दाखवा म्हणत चालत राहिले, आणि अखेर वाट सापडली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हे वाचून कोणी उद्याच निघेल. हज फर्ज होतो तो ऐपत असणाऱ्यावर. जाण्यायेण्याचा खर्च, आणि मागे राहिलेल्या घरच्यांचा तेवढ्या दिवसांचा उदरनिर्वाह, इतके ज्याच्याजवळ नाही त्याच्यावर शरीअतने हा भार टाकलेला नाही. इमाम तीस दिरहमांत गेले ते हिशेब करून, पायांवर विसंबून आणि कोणावर ओझे न होता. एकदा एक मनुष्य त्यांच्याकडे आला. शिधा न घेता केवळ तवक्कुलवर मक्केला जावे असे त्याच्या मनात होते. इमामांनी त्याला काफिल्याशिवाय एकटे जायला सांगितले. तो म्हणाला की नाही, मी काफिल्याबरोबरच जाणार. तेव्हा इमामांनी त्याला जाणवून दिले की मग त्याचा भरवसा अल्लाहवर नसून सहप्रवाशांच्या शिध्याच्या पिशव्यांवर आहे. वाचकहो, तवक्कुल या विषयावर मदरशात आम्ही पुष्कळ पाने वाचली. पण हा प्रसंग ऐकल्यावर मनात जी लख्ख रेघ उमटली, ती त्या पानांनी उमटवली नव्हती.

आता यमनचा प्रवास. यमनमधील सनआ येथे अब्दुर्रज्जाक बिन हम्माम (रह.) राहत होते. दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्या दारी येत. अहमद आणि त्यांचे मित्र यह्या बिन मईन (रह.) यांनी ठरवले की हज करावा आणि तेथून सनआ गाठावे. हिजरी १९८ च्या सुमाराची ही गोष्ट. मक्केत तवाफ करताना पाहतात तो काय, अब्दुर्रज्जाक स्वतः हजला आलेले! यह्या त्यांना ओळखत होते. त्यांनी सलाम केला, अहमद यांची ओळख करून दिली आणि दुसऱ्या दिवशी हदीस ऐकायला येण्याची वेळही ठरवून टाकली. त्यांना वाटले, अल्लाहने महिन्याभराची वाट आणि तेवढा खर्च वाचवला. अहमद यांना मात्र हे रुचले नाही. आपण सनआला जाऊन शिकण्याची नियत केली आहे, ती अर्ध्यावर सोडणे त्यांना बरे वाटेना. थैली रिकामी होत आली असताना समोर आलेली सवलत त्यांनी नाकारली.

मक्केपासून सनआ सरळ रेषेत मोजले तरी आठशेहून अधिक किलोमीटर, आणि वाट डोंगराळ. मध्येच पैसे संपले. सोबत्यांनी मदत देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. उंटवाल्यांकडे मजुरीला राहिले आणि अंगमेहनत करीत सनआला पोहोचले.

तेथेही दिवस सुखाचे नव्हते. अब्दुर्रज्जाक यांच्या कानावर गेले की या बगदादी विद्यार्थ्याजवळ काही उरलेले नाही. त्यांनी त्याला बाजूला, दाराआड नेले, म्हणजे चारचौघांत त्याला संकोच वाटू नये. आमच्याकडेही रोकड साठत नाही, पीक विकले की पैसा खर्चून जातो, पण घरातल्या बायकांजवळ दहा दीनार निघाले आहेत, तेवढे घे, असे त्यांनी सांगितले. विद्यार्थ्याने नम्रपणे उत्तर दिले की कोणाकडून घ्यायचेच असते तर तुमच्याकडूनच घेतले असते. वृद्ध अब्दुर्रज्जाक ही आठवण सांगत तेव्हा त्यांचे डोळे भरून येत.

मग खात काय होते? हे आपल्याला कळते ते इसहाक बिन राहवैह (रह.) यांच्यामुळे. सनआला ते वरच्या खोलीत राहत आणि अहमद खालच्या. पैसे संपल्याचे लक्षात येताच त्यांनीही देऊ केले आणि नकार ऐकला. नंतर त्यांना दिसले की अहमद इजारीचे नाडे विणतात, ते विकतात आणि त्यावर पोट भरतात. दिवसा हदीस लिहून घ्यायची आणि उरल्या वेळात नाडे. यमन सोडताना भाकरीच्या मोबदल्यात पायातले जोडे एका भटारखान्यात गहाण ठेवावे लागले, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा उंटवाल्यांची चाकरी. मक्केत ते पोहोचले तेव्हा चेहऱ्यावर थकवा आणि कृशपणा स्पष्ट दिसत होता. कोणी त्याबद्दल बोलले, तर त्यांचे म्हणणे एवढेच की अब्दुर्रज्जाक यांच्याकडून जे मिळाले, त्यापुढे हे कष्ट हलकेच आहेत. मिळाले होते ते काय? इमाम जुहरी (रह.) यांच्या वाटेने आलेल्या हदीस. मुसनद चाळताना जागोजागी अब्दुर्रज्जाक यांचे नाव येते, ते याच नाड्यांच्या आणि गहाण जोड्यांच्या दिवसांतून आलेले आहे.

कोणी विचारील, एवढा ताठरपणा कशासाठी? हदिया स्वीकारणे तर सुन्नत आहे, आणि उस्तादाने प्रेमाने दिलेल्या दीनारांत हराम ते काय असणार? आक्षेप चुकीचा नाही. तो पैसा हलालच होता, आणि अडचणीतल्या प्रवाशाने मदत घेतली तर त्याच्यावर कोणताही दोष नाही. किंबहुना मुसाफिराचा हक्क जकातीतही ठेवलेला आहे. इमामांनी हा नेम केवळ स्वतःसाठी धरला होता. त्यामागे काय होते ते पुढच्या आयुष्यात दिसले. हिजरी २१८ मध्ये खलिफा मामून यांनी कुरआन मखलूक आहे असे उलेमांकडून वदवून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा कितीतरी जण दबले. इमाम दबले नाहीत. कैद झाली, मुअतसिम यांच्या काळात कोरडे बसले. नंतरचे खलिफा मुतवक्किल यांनी उलट सन्मान केला, पैसा पाठवला. घरच्यांनी तो घेतला, तेव्हा इमाम मुलांवर इतके नाराज झाले की त्यांनी त्यांच्याकडचे अन्न टाळले. माझ्या मते भीती आणि मेहेरबानी या दोन्हींपुढे टिकलेली ही पाठ उंटवाल्यांच्या ओझ्याखाली तयार झाली होती.

एक हकीकत सांगायची राहिली. मक्केत सुफयान बिन उयैना (रह.) यांच्याकडे शिकत असतानाची ती आहे. अहमद काही दिवस दर्सला आले नाहीत, म्हणून एक सहाध्यायी चौकशी करीत त्यांच्या बिऱ्हाडी गेला. पाहतो तो अहमद दोन फाटक्या कपड्यांत बसलेले. बाकी सारे चोरीला गेले होते. त्याने आपल्याजवळचे दीनार पुढे केले, हवे तर भेट म्हणून घ्या, हवे तर कर्ज म्हणून घ्या. दोन्हींना नकार. मग त्याने शहाणपणा केला आणि विचारले, मोबदला घेऊन मला काही लिहून द्याल का? याला ते तयार झाले. एक दीनार ठरला. त्यातून एक कापड आणवून त्याचे दोन तुकडे करवले, एक नेसायला आणि एक पांघरायला. उरलेले पैसे आणि कागद मागून घेतले आणि ते लिहायला बसले.

तो मनुष्य पुढे बगदादला राहत असे. बऱ्याच वर्षांनी त्याने आपल्या शेजाऱ्यांपुढे एक जपून ठेवलेले लिखाण आणले आणि अक्षर ओळखता येते का म्हणून विचारले. अक्षर इमाम अहमद यांचे आहे हे त्यांनी पाहताच ओळखले. ते त्याच्याकडे कसे आले, हे मात्र त्याला सांगावे लागले.