कोटितीर्थाकांठचे चित्रकार : आबालाल रहिमान

सृष्टिसौंदर्य पाहावयाचें तर दूरदेशीं गेलें पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. काश्मीरच्या किंवा महाबळेश्वरच्या देखाव्यांचीं चित्रें भिंतीवर टांगून आपण त्यांकडे कौतुकानें पाहतों. परंतु आपल्या दारापुढील झाडाचीं पानें कोणत्या महिन्यांत गळतात, असें कोणीं विचारलें तर उत्तर देतां येत नाहीं. ज्या पुरुषाचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें ठेवावयाचें आहे, त्यांनीं याच्या अगदीं उलट केलें. आपल्या गांवचीं दोन तळीं, एक नदी आणि भोंवतालचा मुलूख एवढेंच जग त्यांनीं आपलेंसें केलें, आणि सर्व ऋतूंत तें पाहून त्याचीं चित्रें काढण्यांत आयुष्य वेंचिलें. हे पुरुष म्हणजे कोल्हापूरचे विख्यात चित्रकार आबालाल रहिमान होत.

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापूर येथें एका मुसलमान कुटुंबांत झाला. कुराणाच्या प्रती सुंदर अक्षरांत हातानें लिहून त्यांचीं पृष्ठें वेलबुट्टीनें सजविणें ही विद्या त्यांच्या घराण्यांत चालत आलेली होती. अशा कामांत बोरूची एक रेघ चुकली तर सगळें पान वायां जावयाचें. तेव्हां त्या घरांत वाढलेल्या मुलाचा हात लहानपणींच स्थिर झाला असल्यास नवल नाहीं. अरबी व फारसी या भाषा त्यांना येत होत्याच, पण संस्कृतचाहि त्यांनीं अभ्यास केला होता. विद्येला जात किंवा धर्म नसतो, हें त्यांना कोणीं निराळें शिकवावें लागलें नाहीं.

चित्रें काढण्याचा नाद त्यांना पोरवयापासून होता. असें सांगतात कीं, त्यांचीं कांहीं चित्रें कोल्हापूर येथील इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीच्या दृष्टीस पडलीं, तिनें मुलाचा गुण ओळखला, आणि त्याला मुंबईस शिकावयास पाठविण्याची खटपट केली. मुंबईचें सर जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय, ज्यास लोक जे. जे. स्कूल म्हणतात, तें १८५७ सालीं निघालें होतें. आबालाल तेथें शिकत असतां जॉन ग्रिफिथ्स हे तेथील प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे गृहस्थ ते हेच. त्या विद्यालयांतील शिक्षण कसून होत असे. मातीच्या व प्लास्टरच्या पुतळ्यांवरून महिनेच्या महिने रेखाटन करावयाचें, उजेड व छाया यांचें प्रमाण शिकावयाचें, आणि मग रंगास हात घालावयाचा, असा तेथील क्रम होता. या क्रमांतून आबालाल उत्तम रीतीनें पार पडले, आणि १८८८ सालीं त्यांस व्हाइसरॉयचें पदक मिळालें.

असें पदक मिळविणाऱ्या तरुणाला त्या काळीं मुंबईंत पैशाची वाण पडली नसती. संस्थानिक, सावकार व मोठे अंमलदार यांना आपल्या तसबिरी तैलरंगांत काढवून घेण्याची हौस होती, आणि राजा रविवर्मा यांची कीर्ति सर्व हिंदुस्थानभर पसरली होती. तो मार्ग आबालालांनाहि मोकळा होता. परंतु ते कोल्हापुरास परत आले आणि गांवाच्या पूर्वेस असलेल्या कोटितीर्थ नांवाच्या तळ्यालगत एकांतांत राहूं लागले. राहणी अत्यंत साधी व वृत्ति फकिराची. तळें, त्याच्या कांठचें देऊळ, झाडें आणि पाण्यांतील त्यांचें प्रतिबिंब, हींच त्यांचीं सोबती झालीं.

घराबाहेर उघड्यावर बसून देखावा रंगविणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. तैलरंग म्हणजे रंगाची पूड जवसाच्या तेलांत खलून केलेला रंग. पूर्वी हा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत. ती फुटे, गळे, आंतील रंग वाळून जाई. म्हणून चित्रकार बाहेर पेन्सिलीनें टिपणें करीत आणि रंगकाम घरांत करीत. १८४१ सालीं जॉन रँड नांवाच्या एका अमेरिकन चित्रकारानें रंग भरावयाची कथलाची नळी शोधून काढली, तेव्हां रंगांची पेटी खांद्यास अडकवून शेतांत किंवा नदीवर जाऊन बसणें सुलभ झालें. तरीहि अडचणी राहतातच. तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो. त्यावर धूळ बसते, किडे चिकटतात. जलरंगाची तऱ्हा उलटी. तो उन्हाळ्यांत कुंचला उचलतांच सुकतो आणि पावसाळ्यांत सुकतां सुकत नाहीं. शिवाय सूर्य कोणासाठीं थांबत नाहीं. तासा-दीड तासांत सावल्या सरकतात आणि सकाळीं आरंभिलेला देखावा निराळाच होऊन बसतो. यास उपाय एकच. रंगांचे मोठे पट्टे झपाट्यानें मांडून घ्यावयाचे, आणि चित्र अपुरें राहिल्यास दुसरे दिवशीं त्याच वेळीं, त्याच जागीं जाऊन बसावयाचें.

परंतु या कष्टांचें फळहि मोठें आहे. खोलींत बसून काढलेल्या चित्रांत सावली बहुधा काळी किंवा तपकिरी असते. बाहेर बसून जो पाहतो त्याला कळतें कीं, झाडाची सावली काळी नसते. तिच्यांत आकाशाची निळाई असते, जवळच्या हिरवळीची छटा असते, संध्याकाळीं तर ती जांभळी दिसते. आबालालांनीं जलरंग, तैलरंग व रंगीत खडू अशीं सर्व साधनें वापरलीं, आणि त्यांच्या निसर्गचित्रांत हा मोकळ्या हवेंतला उजेड खेळतो. त्यांतील कुंचल्याचे लहान लहान मोकळे फटकारे जवळून पाहिले तर नुसते ठिपके वाटतात, आणि चार पावलें मागें सरून पाहिलें कीं त्यांतून पाणी, धुकें व ऊन उभें राहतें. रंग विकत घेण्यास पैसे नसले म्हणजे ते झाडपाल्यापासून व मातीपासून स्वतःच रंग तयार करीत, असेंहि सांगतात.

कोल्हापूरचे ऋतु मोठे स्पष्ट आहेत. पश्चिमेस सह्याद्रि जवळ असल्यामुळें मृगानंतर पावसाची झोड उठते, पंचगंगा पात्र सोडून घाटावरील देवळांत शिरते आणि सारा मुलूख हिरवा होतो. हिंवाळ्यांत तळ्यांवर सकाळचें धुकें पसरतें. उन्हाळ्यांत पाणी खालीं जाऊन कांठचे दगड उघडे पडतात. गांवाच्या पश्चिमेस रंकाळा तलाव आहे. त्यांत संध्यामठ नांवाची एक दगडी इमारत आहे. तलाव भरला कीं ती पाण्यांत बुडते, आणि पाणी उतरूं लागलें कीं थोडी थोडी वर येते. दगडांची इमारत तीच, परंतु ती प्रत्येक महिन्यास निराळी दिसते. या संध्यामठाचें आबालालांनीं काढलेलें चित्र विशेष नांवाजलें गेलें. एका जागीं राहूनहि पाहावयास कधीं कमी पडत नाहीं, हें सांगण्यास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

ह्याच सुमारास हजारों मैल दूर फ्रान्स देशांत क्लोद मोने नांवाचे चित्रकार असाच उद्योग करीत होते. आपल्याकडे धान कापून झाल्यावर शेतांत जसे पुंजणे रचतात, तशा कणसांच्या गंज्या त्यांच्या घराजवळील शेतांत असत. १८९० व १८९१ या सालांत मोने यांनीं त्याच गंज्या उन्हांत, धुक्यांत, बर्फांत व सूर्यास्ताच्या वेळीं पुन्हां पुन्हां रंगविल्या, आणि त्यांतील पंधरा चित्रें १८९१ सालीं पॅरिस येथें एकत्र मांडलीं. मोने यांच्यामागें पॅरिससारखें शहर, चित्रें विकणारे व्यापारी आणि वर्तमानपत्रें होतीं. आबालालांच्या तळ्याकांठीं यांपैकीं कांहींच नव्हतें. तरीहि पुढील काळांतील जाणकारांना त्यांच्या चित्रांत त्या फ्रेंच चित्रकारांशीं साम्य दिसलें.

सुदैवानें आबालालांस एक खरा गुणग्राहक लाभला. कोल्हापूरचे छत्रपति शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर बसले. मल्ल, गवई, कारागीर यांना त्यांनीं उदार आश्रय दिला हें प्रसिद्धच आहे. त्यांनीं आबालालांस दरबारचे चित्रकार नेमलें. महाराजांच्या शिकारीच्या स्वाऱ्यांबरोबर जाऊन आबालालांनीं त्या प्रसंगांचींहि चित्रें काढलीं. दरबारची नेमणूक मिळाली, तरी त्यांची राहणी बदलली नाहीं. ते कोटितीर्थाकांठींच राहिले.

६ मे १९२२ रोजीं शाहू महाराजांचें निधन झालें. आबालालांच्या मनावर या घावाचा फार खोल परिणाम झाला. आपलीं चित्रें पाहणारा गेला, आतां तीं कोणासाठीं ठेवावयाचीं, अशा उद्वेगानें त्यांनीं आपलीं हजारों चित्रें कोटितीर्थाच्या पाण्यांत सोडून दिलीं, अशी आख्यायिका कोल्हापुरांत आजहि सांगतात. आख्यायिकेंतील आंकडे बाजूस ठेवले, तरी एवढें खरें कीं, जन्मभर रोज काम करणाऱ्या या माणसाचीं आज पाहावयास मिळणारीं चित्रें त्या मानानें थोडींच आहेत. त्यांतील कांहीं कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहेत. २८ डिसेंबर १९३१ रोजीं आबालाल वारले.

मग या आयुष्याचें फलित काय, असा प्रश्न एखादे व्यवहारी पालक विचारतील, आणि तो प्रश्न अयोग्य नाहीं. धन त्यांनीं ठेवलें नाहीं, आणि चित्रेंहि बरींच नाहींशीं झालीं. परंतु त्यांनीं कोल्हापूरच्या लोकांस आपलें गांव पाहावयास शिकविलें. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर यांसारखे त्यांच्यामागून आलेले चित्रकार त्यांस गुरुस्थानीं मानीत. बाबूराव पेंटर यांनीं पुढें कोल्हापुरांत चित्रपट काढले, तेव्हां त्या पडद्यावरील देखाव्यांसहि चित्रकाराची दृष्टि लाभली. कोल्हापुरास कलापूर म्हणतात, त्या नांवाच्या पायांत आबालालांच्या श्रमांचा दगड आहे.

मात्र त्यांच्या चरित्रांतील दुसरी बाजूहि पालकांनीं ध्यानांत घ्यावी. रेसिडेंटच्या पत्नीची नजर, ग्रिफिथ्स साहेबांचें विद्यालय व शाहू महाराजांचा आश्रय, या तीन गोष्टी नसत्या, तर हा गुण बहुधा अंधारांतच राहिला असता. आणि शेवटचा आधार तुटतांच तो माणूस किती एकाकी झाला, हेंहि आपण पाहिलें. वहीच्या मागील पानावर झाड काढणाऱ्या मुलास रागें भरण्यापूर्वी तें झाड एकदां नीट पाहावें. प्रत्येक मुलाच्या नशिबीं महाराज नसतात; त्याचें पहिलें चित्र पाहणारे त्याचे आईबापच असतात.

विद्यार्थ्यांसाठीं तर या चरित्रांतील धडा अगदीं हाताशीं आहे. वर्धा व वैनगंगा एक होऊन झालेली प्राणहिता आपल्या अहेरीजवळून वाहते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत पांढऱ्या वाळूचें रान पसरतें, आणि आषाढांत तेंच पात्र गढूळ पाण्यानें दुथडी भरून जातें. फाल्गुनांत पळस पेटतो, चैत्रांत मोहाचीं फुलें झाडाखालीं सडा घालतात, कुसुमाची नवी पालवी तांबडी फुटते. आलापल्लीचें सागवान उन्हाळ्यांत उघडें पडतें, पहिल्या पावसाबरोबर पानें धरतें आणि भर पावसाळ्यांत पांढुरक्या मोहरानें भरून जातें. हें सर्व रंगविण्यास तैलरंगाची महाग पेटीच पाहिजे असें नाहीं. एक वही, एक पेन्सिल आणि दोन-चार रंग पुरेत. घाटावरील एक जागा निवडावी, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, ठरलेल्या वेळीं, घरच्या वडील माणसाबरोबर तेथें बसून तोच देखावा काढावा. वर्षअखेर बारा चित्रें होतील. तीं शेजारीं शेजारीं मांडलीं, म्हणजे एकच नदी बारा प्रकारची दिसेल, आणि पहिल्यापेक्षां बारावें चित्र अधिक खरें उतरलेलें आढळेल. तीं चित्रें मात्र जपून ठेवावींत.