चार्लस डार्विन व ओल शोधणारें मूळ

लोणावळ्यास एका पावसाळ्यांत १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु भात कापल्यावर त्याच खाचरांत पेरलेला वाल पौषांत तहानेनें कोमेजूं लागतो, हें मावळांतील कोणीही शेतकरी सांगेल. जमिनींत उरलेल्या ओलीवरच त्या पिकाची सारी भिस्त. ही ओल मुळास कळते तरी कशी, याचा विचार ज्या थोर पुरुषानें उतारवयांत केला, त्याचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस निराळ्याच कारणानें ठाऊक आहे.

चार्लस डार्विन यांचा जन्म इंग्लंडांत श्रूझबरी येथें ता. १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेंही वैद्यक शिकावें म्हणून त्यांनीं त्यास एडिंबरोस पाठविलें. तें जमेना, तेव्हां धर्मोपदेशक व्हावें म्हणून केंब्रिजास. तेंही घडलें नाहीं. १८३१ ते १८३६ पर्यंतचा बीगल जहाजावरील प्रवास, १८५९ चा ग्रंथ व त्यावर उठलेलें वादळ हीं सर्वश्रुत आहेत; त्यांत येथें शिरत नाहीं.

प्रकृति नेहमीं नादुरुस्त असल्यामुळें ते केंट परगण्यांतील डाऊन येथें घरींच राहत. १८७६ सालीं त्यांचा मुलगा फ्रान्सिस याची पत्नी बाळंतपणांत वारली, आणि तान्हें मूल घेऊन तो बापाच्या घरीं आला. मग वृद्ध पिता व विधुर पुत्र असे दोघे मिळून कुंड्यांतील रोपें न्याहाळूं लागले. गवताच्या कोंबाच्या शेंड्यावर त्यांनीं कथिलाच्या पातळ पत्र्याची टोपी घातली, तर कोंब उजेडाकडे वळेना. वळतो तो खालचा भाग. तेव्हां शेंड्याकडून खालीं कांहीं प्रभाव उतरत असला पाहिजे! ओल्या भुशानें भरलेली चाळणी तिरपी टांगून त्यांनीं घेवड्याच्या जातीचीं बियाणीं रुजविलीं. मुळें ओलीकडे वळत. टोंकास तेलकट लेप दिला कीं बहुधा वळत नसत. १८८० सालीं हें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. ज्यांच्या प्रयोगशाळेंत फ्रान्सिस शिकला होता, त्याच जर्मन पंडित साक्स यांनीं हे प्रयोग अकुशल ठरविले. वादाचा निकाल पाहण्यापूर्वींच, ता. १९ एप्रिल १८८२ रोजीं, डार्विनसाहेब निवर्तले.

१९२६ सालीं हॉलंडांतील तरुण फ्रिट्स वेंट यानें कोंबांचे कापलेले शेंडे चायनाग्रासाच्या खळीवर ठेविले आणि त्यांतून उतरणारें द्रव्य पकडलें. तेंच ऑक्झिन. पुढें अशीं आणखी द्रव्यें सांपडलीं. त्यांपैकीं १९६० नंतर ओळखलेलें ॲब्सिसिक आम्ल तर अवर्षणाचेंच सोबती: जमीन सुकूं लागली कीं तें रोपांत वाढतें, पानांचीं सूक्ष्म छिद्रें मिटतात व पाणी वांचतें. आतां कडधान्यांवर संजीवकांचे फवारे देतात. फुलगळ थांबावी म्हणून नॅफ्थिल ॲसेटिक आम्ल लिटरभर पाण्यास २० ते ४० मिलिग्रॅम पुरतें. मात्रा वाढली तर अपायच. शिवाय फवारा पाणी निर्माण करीत नाहीं, हें विकणारे क्वचितच सांगतात.

यंदा आमच्या वर्गांतील मुलांनीं वालाच्या मुळांस लोणी लावून चाळणीचा प्रयोग केला. कांहीं मुळें वळलीं, कांहीं नाहींत. लोणी सर्वांस सारखें लागलें नव्हतें, असें मुलांचें म्हणणें.