पाठीवरचा हात

उत्तेजन म्हणजे नुसती शाबासकी नव्हे. एखाद्याच्या अंगचे गुण त्याचे त्यालाही ठाऊक नसताना आपण ते ओळखावे आणि ते प्रकट होईपर्यंत धीराने त्याच्या पाठीशी उभे राहावे, हेच खरे उत्तेजन होय. रमाबाई रानडे यांचे चरित्र याची साक्ष देते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी कुर्लेकर घराण्यात झाला. मुलींना शिकविण्याची चाल माहेरी नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती गाढे विद्वान आणि पत्नीला अक्षरओळखही नाही! माधवरावांनी स्वतःच गुरूचे काम पत्करले. दिवसभर कचेरीचे काम करून रात्री ते पत्नीला मराठी शिकवीत. पुढे इंग्रजीचाही अभ्यास सुरू झाला.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, उपहास हे रोजचेच झाले. माधवरावांनी थोरांशी वाद घातला नाही. परंतु शिकवणेही थांबविले नाही. उलट उत्तर देऊ नये, असा त्यांचा पत्नीला उपदेश असे. सोसण्याचा भार मात्र रमाबाईंवरच पडे. त्यांनी तो उचलला आणि पुस्तक खाली ठेवले नाही. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले. घरी परतल्यावर कौतुकाऐवजी बोलणीच ऐकावी लागली. पण १८८४ साली ती शाळा सुरू झाली.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले. पाठीवरचा हात नाहीसा झाला. काही काळ रमाबाई दुःखाने घराबाहेरही पडल्या नाहीत. परंतु त्या हाताने दिलेले बळ उरले होते. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. ज्यांना कोणी विचारीत नव्हते, अशा विधवा व निराधार स्त्रिया तेथे शिकल्या. कोणी शिक्षिका झाली, कोणी परिचारिका. एकेकाळी अक्षरशत्रू असलेल्या रमाबाईंनी लिहिलेल्या पतीच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या व मराठीत मान्यता पावल्या.

१९२४ साली रमाबाईंचे देहावसान झाले. एका मुलीला मिळालेले उत्तेजन तिच्यापाशीच थांबले नाही; तिच्या हातून ते शेकडो स्त्रियांच्या घरी पोहोचले. उत्तेजनाचे सार्थक यातच आहे.