न बोलणाऱ्या लेकरांचे गुरू : डॉ. एडवर्ड सेग्विन

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर गावच्या गोरोबा कुंभारांची कथा वाचकांस ठाऊक आहेच. त्यांनी संतमंडळीच्या मस्तकांवर थापटणे मारून पाहिले व नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, असे सांगतात. परंतु नामदेवांस कोणी टाकून दिले नाही. ते गुरूकडे गेले व शिकले. ज्या लेकरास चौथ्या वर्षीही शब्द फुटत नाही, हाक मारली तरी जे वळून पाहत नाही, त्यास मात्र आपण कच्चे म्हणून कोपऱ्यात बसवितो. अशा लेकरांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. एडवर्ड सेग्विन यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

सेग्विन यांचा जन्म २० जानेवारी १८१२ रोजी फ्रान्स देशातील क्लामसी गावी झाला. वडील वैद्यकी करीत. तरुणपणी पॅरिस शहरी ते सँ-सिमाँ यांच्या अनुयायांत मिसळले. समाजातील सर्वांत दीनांचे कल्याण आधी पाहावे, ही त्या मंडळीची शिकवण सेग्विन यांच्या मनात खोल रुजली.

त्या काळी तीव्र बुद्धिमांद्य असलेल्या मुलास काही शिकविता येईल असे थोड्याच वैद्यांस वाटे. अशी पुष्कळ मुले वेड्यांच्या इस्पितळांत पडून असत. पॅरिस येथील मूकबधिरांच्या विद्यालयातील डॉ. इतार यांनी १८०० साली रानातून आलेल्या व्हिक्टर नामक मुलास सुमारे पाच वर्षे शिकविले होते. तो अक्षरे मांडून दूध मागू लागला. परंतु बोलू लागला नाही, म्हणून इतार निराश झाले. १८३७ साली त्यांच्याच सल्ल्याने सेग्विन यांनी एका मंदबुद्धी मुलाचे शिक्षण हाती घेतले. दुसऱ्या वर्षी इतार वारले. शिष्याने काम सोडले नाही.

सेग्विन यांनी वाचेचा हट्ट आधी धरला नाही. प्रथम चालणे, तोल सांभाळणे, हाताने धरणे व सोडणे, मग डोळा, कान व स्पर्श, मग अनुकरण, आणि त्यानंतर शब्द, असा त्यांचा क्रम होता. एका मुलाची नजर कोठेच ठरत नसे. सेग्विन त्याच्यासमोर बसून आपली नजर त्याच्या नजरेमागे नेत राहिले. अखेर दीर्घ काळाने ती त्यांच्या नजरेस मिळाली. उच्चार शिकविताना ते प, ब, म यांसारखे ओठांचे वर्ण आधी घेत.

१८४२ साली बिसेत्र येथील इस्पितळात त्यांस मुले सोपविण्यात आली. पण चालकांशी न पटल्यामुळे ते काम लवकरच सुटले. १८४६ साली त्यांनी आपल्या पद्धतीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर ते अमेरिकेस गेले. तेथे अशा मुलांच्या शाळांस त्यांनी साह्य केले, १८६६ साली इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि २८ ऑक्टोबर १८८० रोजी न्यूयॉर्क येथे देह ठेवला.

पुढे इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी सेग्विन यांचे लेखन स्वहस्ते उतरून काढून अभ्यासिले. त्या १९३९ साली हिंदुस्थानात आल्या. १९४४ साली मुंबईत हरमसजी व जय वकील या दांपत्याने आपल्या कन्येच्या निमित्ताने अशा मुलांसाठी शाळा काढली.

सेग्विन यांचे सर्वच म्हणणे टिकले नाही. मुलाची इच्छाशक्ती निद्रिस्त असते, असे ते मानीत. मेंदूस जन्मवेळी झालेली इजा, गर्भातील दोष, आनुवंशिक विकार अशी अनेक कारणे आता कळली आहेत. आणि कितीही शिकविले तरी काही लेकरे कधीच शब्द बोलणार नाहीत, हेही मान्य करावे लागते. तथापि शब्द नसला म्हणजे बोलणे नसते, असे नाही. भाकरीकडे वळलेला डोळा, आईच्या पदराला घातलेला हात, नको म्हणून फिरविलेले तोंड, हीच त्या लेकराची भाषा होय.

म्हणून घरात असे लेकरू असल्यास प्रथम वैद्याकडून त्याचे कान व डोळे तपासून घ्यावे. घास भरविण्यापूर्वी तो दाखवावा व त्याची नजर येईपर्यंत थांबावे. आंघोळीच्या वेळी रोज तोच तांब्या हाती द्यावा व तोच शब्द उच्चारावा. त्याने आवाज काढला तर तोच आवाज काढून उत्तर द्यावे. उपदेशकांनी घरभेटीस गेल्यावर त्या लेकरासही नाव घेऊन हाक मारावी, आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. उत्तर डोळ्यांनी आले तरी ते उत्तरच आहे.