कुस्तीगीर खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकरी कुटुंबात खाशाबांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब जाधव हे नावाजलेले मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. इतर मुले ज्या वयात धुळीत खेळतात, त्या वयात ते वडिलांचे बोट धरून आखाड्यात उतरले. पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्यात, अंगाला लाल माती लावून मोठ्या भावांशी झुंजावे आणि मग शाळेची वाट धरावी, असा त्यांचा दिनक्रम होता. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. आखाड्याच्या नादाने त्यांनी अभ्यासाकडे पाठ फिरवली नाही.

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे कुस्तीला उदार आश्रय दिला होता आणि शहरात जागोजागी तालमी घुमत होत्या. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत आपणही कुस्ती खेळावी, असे खाशाबांना वाटले. परंतु त्यांची उंची बेताची, अंगकाठी सडपातळ. त्यांना पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा निराश झाले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले व त्यांनी आपली इच्छा नम्रपणे सांगितली. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग काय, हा किरकोळ दिसणारा विद्यार्थी एकामागून एक धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना अस्मान दाखवू लागला! ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. त्यांच्या अंगी केवळ बळ नव्हते, चपळाई होती आणि प्रसंगावधानही होते.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा सातासमुद्रापार गेले. तेथे एक नवीच अडचण उभी राहिली. आपल्याकडील कुस्ती मातीत होते. तेथील कुस्ती गादीवर. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो वेगळ्या रीतीने टाकावा लागतो. नियमही निराळे आणि वेळही मोजकी. या अनोळखी खेळात खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. पदक मिळाले नाही, पण आपण कोठे कमी पडलो हे त्यांना नेमके उमगले. मायदेशी परतताच त्यांनी अधिक कठोर मेहनत सुरू केली.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंडमधील हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. खाशाबांची निवड झाली. पण जाण्यासाठी पैसा कोठून आणावा? शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम कोठली? खाशाबा दारोदार फिरले. गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे मदत केली. कोणी थोडे दिले, कोणी फार दिले. तरी रक्कम पुरेना. अशा वेळी प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले व सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. शिष्य जिंकेल की हरेल, हे कोणास ठाऊक होते? तरीही गुरूने आपले छप्पर शिष्याच्या मनगटाच्या भरवशावर सोडले.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी पराभूत केले. अखेरच्या फेऱ्यांत त्यांची गाठ जपानचे इशी व सोव्हिएत संघाचे मामेदबेयोव यांच्याशी पडली. या दोन कुस्त्यांच्या मध्ये खाशाबांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडणारा अधिकारीही त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगतात. त्या दोन्ही कुस्त्या ते हरले. इशी यांना सुवर्णपदक, मामेदबेयोव यांना रौप्यपदक व खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. असे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत त्यांची भव्य मिरवणूक निघाली. शंभराहून अधिक सजवलेल्या बैलगाड्या तिच्यात होत्या. ढोल-लेझीम दुमदुमत होते. परंतु या जयघोषातही खाशाबांना गुरुजींच्या गहाण पडलेल्या घराचा विसर पडला नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः कुस्त्या लढवल्या आणि त्यांतून मिळालेल्या पैशांतून ते घर सोडवून दिले. सत्कार संपल्यावर उरते ते कर्तव्य, हे त्यांनी ओळखले होते.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. तेथेही त्यांनी प्रामाणिकपणे सेवा केली व साहाय्यक पोलीस आयुक्तपदापर्यंत मजल मारली. एवढा पराक्रम करूनही हयातीत त्यांचा म्हणावा तसा गौरव झाला नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला आणि दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहालाही त्यांचे नाव देण्यात आले.

मुलांनो, हेलसिंकीचे ते पदक एकट्या खाशाबांना मिळाले. पण त्यात गोळेश्वरच्या गावकऱ्यांचा वाटा होता, तसा घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांचाही होता. खाशाबांनी ही गोष्ट कधी दृष्टीआड होऊ दिली नाही. प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणारे मल्ल पुष्कळ असतात. विजयाच्या दिवशीही आपले ऋण आठवणारे थोडेच. खाशाबा त्या थोड्यांपैकी एक होते.